सोडवत नाही हो

काल दुपारी पाटणकरांचा मेसेज आला. ‘मित्रांनो, जड अंतःकरणाने कळवतो की हा माझा अखेरचा मोसम...’ पुढचं मी वाचलं नाही. उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून शाल काढली आणि मशीनमध्ये टाकली.

शाल आमची नाही, संघाची आहे. ‘दर्यावर्दी’ हे आमच्या बेसबॉल संघाचं नाव, आणि निवृत्त होणाऱ्या खेळाडूच्या सत्कारासाठी संघाकडे एकच शाल आहे. तेहेतीस डिग्रीच्या घामट दुपारी ती सत्कारमूर्तीच्या खांद्यावर चढते, फोटो निघतो आणि मिनिटाभरात सत्कारमूर्तीच ती अंगावरून झुरळ झटकावं तशी काढून माझ्या हातात देतो. नारळ तेवढा घरी नेतो. मी संघाची स्कोअरर, म्हणजे वही-पेन्सिल माझी, पाण्याचा डबा माझा आणि शालही माझीच. पाटणकरांनी ती आतापर्यंत चारदा पांघरली आहे. आता ही पाचवी वेळ. तीच शाल आहे हे त्यांच्या एकदाही लक्षात आलेलं नाही, कारण पांघरताना ते कॅमेऱ्याकडे बघत असतात.

सिंगापूरला ऋतू नाहीत असं नवीन आलेली मंडळी कुरकुरतात. पंधरा वर्षं राहिलं की कळतं, आहेत. नोव्हेंबर सरत आला की रोज दुपारी दोनच्या सुमारास मलेशियाच्या बाजूने आभाळ काळवंडतं, मैदानावरच्या साळुंक्या गप्प होतात, गवताला ओल्या कुत्र्यासारखा वास सुटतो. मग विजेच्या धोक्याचा भोंगा वाजतो, आणि तो वाजला की सगळ्यांनी मैदान सोडायचं असा इथला नियम आहे. याच दिवसांत आमच्या हौशी लीगचे शेवटचे सामने असतात. आणि याच दिवसांत पन्नाशीच्या पुरुषांना निवृत्तीची उबळ येते. आमच्या घरात या दिवसांना निवृत्तीचा मोसम म्हणतात.

या मोसमाची भाषणंही ठरलेली. आधी शरीराचा उल्लेख होतो, मग घरच्यांच्या त्यागाचा. घरच्यांचा त्याग म्हणजे आम्ही रविवारी सकाळी उठून केलेले पोहे. डब्यात वाफ धरून त्यांचा लगदा होतो आणि ते खाऊन हे वीर मैदानात उतरतात. शेवटी आवाज जरा ओला करून एक वाक्य येतं, ‘काय करू, खेळ सोडवत नाही हो!’ यावर टाळ्या पडतात.

या ‘सोडवत नाही’चा मला फार राग आहे. ‘सोडत नाही’ म्हटलं तर हट्टीपणा दिसतो, ‘सोडू शकत नाही’ म्हटलं तर दुबळेपणा. ‘सोडवत नाही’ म्हटलं की दोन्ही झाकलं जातं आणि माणूस किती हळवा आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या माणसाला गुलाबजाम बघून राहवत नाही, सोमवारी उठवत नाही, बायको बोलली तर ऐकवत नाही. मराठी पुरुषांनी या एका क्रियापदावर आख्खी आयुष्यं काढली आहेत. स्वतः काही करायचं नाही आणि दोष मात्र क्रियापदाला द्यायचा.

आणि खेळ म्हणजे तरी काय? दर्यावर्दी असं भारदस्त नाव, पण निम्म्या संघाला पुलाऊ उबिन बेटावर जाणाऱ्या होडीत दहा मिनिटांत मळमळतं. पाटणकरच घ्या. आयटी कंपनीत मोठे मॅनेजर, कोथरूडचे, पुंगोलला पाण्याकाठच्या कॉन्डोत राहतात. त्यांच्याकडे तीन प्रकारचे गॉगल आहेत आणि दोन्ही गुडघ्यांना निळे पट्टे. गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडे बघून नीट कळलं. चेंडू त्यांच्या दोन पायांतून निघून गेला की ते वाकून जमिनीकडे बघतात आणि मान हलवतात. नाचता येईना, अंगण वाकडं. मग षटक संपल्यावर माझ्याकडे येतात. आमच्याकडे इनिंगलासुद्धा षटकच म्हणतात, क्रिकेटची खोड.

‘वहिनी, तो काय लिहिलात?’

‘एरर. तुमच्या हातून सुटला.’

‘उसळला हो तो! समोरच्याला हिट द्या ना. माझ्या नावावर कशाला?’

‘पाटणकर, तो सरपटत आला होता.’

चेंडू मारून माणूस सुखरूप पहिल्या बेसवर पोचला की त्याच्या नावावर हिट लागते. क्षेत्ररक्षकाने घाण केल्यामुळे पोचला तर त्या क्षेत्ररक्षकाच्या नावावर एरर. एवढंच शास्त्र आहे. पण वहीतल्या एच की ई या एका अक्षरासाठी शिकलेसवरलेले, मुलंबाळं असलेले पुरुष माझ्यापुढे लाडीगोडी लावताना मी पाहिले आहेत. मी कधीही, कुणासाठीही अक्षर बदललं नाही. माझा नवरा सतीश तुआसच्या शिपयार्डात इंजिनियर आहे, आणि लेफ्ट फील्डला उभा राहतो. एकदा त्याच्या नावावर एरर लिहिली तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते दोन दिवस बरे गेले.

मला हा खेळ कळतो, कारण मी तो खेळले आहे. जळगावला शाळेत आमचा मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता आणि मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होते. हे संघातल्या सगळ्यांना माहीत आहे. ‘अरे वा, मग स्कोअरिंग वहिनींकडेच!’ असं पाटणकर पहिल्याच रविवारी म्हणाले होते. खेळता का, असं कुणी विचारलं नाही.

एकाने विचारलं होतं. खरं तर विचारलंही नाही, नुसता चेंडू हातात दिला.

मोहन घाग आमचे कॅचर. म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारे. गाव चिपळूणकडचं, आधी बोटीवर फिटर, मग तुआसला जहाजदुरुस्तीचे सुपरवायझर. हौगांगला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहायचे. बायको गावी, मुलगा पुण्याला शिकायला. हा संघच मुळात त्यांनी उभा केला. तरुणपणी त्यांची बोट जपानच्या एका गोदीत महिनाभर अडकली होती, तेव्हा तिथले कामगार दुपारच्या सुट्टीत खेळायचे. त्यांच्याकडून हे शिकले आणि निघताना जुन्या ग्लोव्ह्जची एक पिशवी घेऊन आले. इथे क्रिकेटला मैदान मिळेना, आणि बेसबॉलचा कोपरा रविवारी भर दुपारी रिकामा असायचा. त्या उन्हात खेळण्याइतका वेडा दुसरा कोणी नव्हता.

त्या ग्लोव्ह्जना घाग दर शनिवारी खोबरेल तेल चोळत. पिशवी उघडली की चामडं, घाम आणि खोबरेल असा वास एकदम यायचा. माझ्या नाकात खेळाचा मोसम अजून त्याच वासाने येतो. सामन्याआधी सगळे कंबर धरून वाकण्याचे प्रकार करत असताना घाग माझ्यापुढे दहा पावलांवर उकिडवे बसायचे आणि ग्लोव्ह पुढे करायचे. ‘टाका, वहिनी.’ मोजून दहा चेंडू. जोरात टाकला की हात झटकायचे, बोलायचे काही नाही. एकदाच म्हणाले, ‘पाटणकरांपेक्षा तुमचा हात सरळ आहे.’ मी म्हटलं, ‘ही काय स्तुती झाली?’ तर हसले.

घागांनी या क्रिकेटवाल्यांना बेसबॉल शिकवायचा प्रयत्न केला. सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि मोकळ्या हातांनी पळायचं. पहिला बेस म्हणजे जमिनीला ठोकलेली पांढरी चौकोनी उशी. तिला पाय लागला पाहिजे. पण आपल्या हाडात गल्लीचं क्रिकेट मुरलेलं. चेंडू लागला की हे लोक बॅट घेऊनच पळत सुटायचे आणि तीन फुटांवरून लांब होऊन, क्रीजमध्ये टेकवावी तशी, त्या उशीवर बॅट टेकवायचे. मग विजयी चेहऱ्याने वर बघायचे. आमचे अंपायर अंकल लिम, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, शांतपणे अंगठा वर करायचे. ‘आउट लाह! बॅट नो कौंट. लेग मस्ट टच!’

समोरच्या संघातले जपानी बँकवाले आधी गोंधळायचे, मग वाकून माफी मागितल्यासारखे हसायचे. त्या वर्षांत आमचे किती गडी असे मेले ते माझ्या वहीत आहे, सांगण्यासारखं नाही. दर वेळी कुठूनतरी घागांचा आवाज यायचा, ‘बॅट टाका!’ पाटणकर पळताहेत, हातात बॅट, गुडघ्याचे पट्टे घोट्याशी आलेले, आणि मागून ‘बॅट टाका, पाटणकर, बॅट टाका!’ पालथ्या घड्यावर पाणी. घाग स्वतः एकदाही चुकले नव्हते. चेंडू लागताच त्यांच्या हातातून बॅट सुटायची, आणि हात झुलवत ते पळत सुटायचे.

मी सांगते आहे त्या मोसमात मात्र ते पळतच नव्हते फारसे. चार वर्षं झाली त्याला. अकरा मोसम उकिडवं बसून गुडघे गेले होते. आख्ख्या मोसमात त्यांच्या नावावर एकही हिट नव्हती. मी दर रविवारी त्यांच्या ओळीत आउटची खूण करत गेले, ते वही बघायलाही आले नाहीत.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी आम्ही एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत होतो. सतीशच्या मांडीवर पाण्याचा डबा, माझ्या पिशवीत पाटणकरांच्या तिसऱ्या निवृत्तीची शाल आणि नारळ. सतीश एकदम म्हणाला, ‘घाग बुधवारी चाललाय.’

‘सुट्टीला?’

‘कायमचा. कामाचा पास रिन्यू झाला नाही. यार्डात सांगितलं त्याला दोन आठवड्यांपूर्वी.’

‘अरे, मग आज त्यांचाही सत्कार करायला हवा ना!’

‘नको म्हणालाय. कोणाला सांगू नको म्हणालाय. शाल-बिल आणलीस तर मैदानात पाऊल ठेवणार नाही म्हणाला.’ पाण्याचा डबा सावरत सतीश म्हणाला, ‘एक हिट मिळाली तर बरं, एवढंच म्हणाला.’

मी पिशवीतल्या शालीकडे बघितलं. ज्याला कुठेही जायचं नाही तो निरोप घेणार होता, आणि जो जाणार होता त्याने तोंड मिटलं होतं. सतीशला मी म्हटलं, ‘तुमच्या संघात एक पुरुष आहे, तोही चालला.’ त्याने हे मनाला लावून घेतलं नाही, त्याला सवय आहे.

त्या दिवशी घागांनी दहाच्या ऐवजी वीस चेंडू टाकायला लावले. मी मोजत होते, तेही मोजत असणार. दोघांनीही आकडा काढला नाही.

सामना जपानी बँकवाल्यांशी, म्हणजे शेवटून पहिल्या दोन संघांचा होता, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पाटणकरांनी दोन चेंडू सोडले आणि दोन्ही वेळा आभाळाकडे बघितलं. आभाळ खरंच भरून येत होतं. पहिल्या खेपेला घाग आउट, दुसऱ्या खेपेला आउट. तिसऱ्या खेपेला ते आले तेव्हा अंधारून आलं होतं, वारा पडला होता, आणि आमचे बाकीचे लोक झाडाखालचं सत्काराचं टेबल शेडमध्ये हलवायच्या घाईत होते. पाटणकर खिशातला भाषणाचा कागद चाचपत होते.

पहिलाच चेंडू घागांच्या बॅटला लागला. फार जोरात नाही, पण पिचर आणि तिसऱ्या बेसच्या मधून सरपटत गेला, आणि जपानी पोराचा पाय ओल्या गवतावर घसरला. मी उभी राहिले. एवढ्यावर हिट होणार होती. लंगडत पळाले असते तरी होणार होती.

घाग पळाले. त्यांच्या हातात बॅट होती.

मी ओरडले, ‘बॅट टाका, घाग!’ अकरा मोसमांत मी मैदानावर पहिल्यांदा ओरडले असेन. त्यांनी ती टाकली नाही. धावता धावता ती छातीशी धरली होती, आणि चेंडू येताना बघून शेवटच्या क्षणी ते लांब झाले आणि त्यांनी बॅट उशीवर टेकवली. चेंडू बेसवरच्या जपानी गड्याच्या ग्लोव्हमध्ये आला तेव्हा त्यांचा पाय अजून फूटभर मागे होता. अंकल लिमने अंगठा वर केला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. जो तो शेड गाठायला धावला. सामना तिथेच संपला.

आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. मी वही उघडली आणि घागांच्या ओळीत, मोसमाच्या शेवटच्या चौकोनात, हिट लिहिली. इतकी वर्षं या लोकांच्या तोंडावर सत्य फेकणारी मी, किती सहज खोटं लिहून मोकळी झाले.

शेडमध्ये पाटणकरांचं भाषण सुरू झालं. पावसाचा आवाज एवढा होता की फक्त ‘घरच्यांचा त्याग’ तेवढं ऐकू आलं. घाग भिजत होते, एकेक ग्लोव्ह उचलून पिशवीत भरत होते. सगळं भरून झाल्यावर शेडच्या कडेला माझ्याकडे आले, रुमालाने हात पुसले, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘बघू हो वही.’

अकरा मोसमांत ते पहिल्यांदा वही बघत होते. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि शेवटच्या चौकोनावर थांबलं.

‘हे काय लिहिलंत?’

मी पेन्सिल कानामागे खोचली.

‘मी आउट होतो. बॅट टेकली, पाय टेकला नाही.’

‘असू दे हो, घाग. कोण बघणार आहे?’

त्यांनी चष्मा काढला. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘मला काय पाटणकर समजलात, वहिनी?’

मी खोडरबर काढलं. हवा दमट होती, कागद ओलावला होता, खोडताना तो फाटला. फाटलेल्या चौकोनाशेजारी मी आउटची खूण केली आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी रागावले. ‘पण तुम्ही बॅट का नाही टाकलीत? सगळ्या जगाला ओरडून सांगता, आणि स्वतः?’

घागांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला. बॅट अजून हातातच होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, ‘आज टाकवली नाही.’

मागे शेडमध्ये त्याच मिनिटाला टाळ्या पडल्या. पाटणकरांना खेळ सोडवत नव्हता.

बुधवारी सतीश त्यांना विमानतळावर सोडून आला. दोन बॅगा होत्या म्हणाला, आणि ग्लोव्ह्जची पिशवी त्यांनी आमच्याकडे दिली. ग्लोव्ह्ज, चेंडू, खोबरेलची अर्धी बाटली, बॅट, सगळं. घाग आता चिपळूणला एका वर्कशॉपमध्ये जातात, दिवाळीला फोन येतो. संघाचं कसं काय चाललंय असं विचारत नाहीत. सामन्याआधी मी आता चेंडू टाकत नाही. टाकायचा कुणाकडे?

काल मशीन फिरत होतं तेव्हा माझी मुलगी ईरा स्वयंपाकघरात आली. मी पाटणकरांचा मेसेज तिला वाचून दाखवला आणि म्हटलं, यंदा मीही स्कोअरिंग सोडणार आहे, पुरे झालं. ती फ्रिज उघडत म्हणाली, ‘मम्मा, एव्हरी इयर यू ऑल्सो से स्टॉप, देन नेव्हर स्टॉप वन.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जिभेवर तोच शब्द आला होता, घडी घातलेला, तयार. मी तो गिळला. मी नाही त्यातली, अशी चार वर्षं टेंभा मिरवणारी बाई मी. दर नोव्हेंबरात सोडते म्हणते आणि जानेवारीत नवी वही आणते, आणि नावं मात्र पाटणकरांना ठेवते. पण पाटणकरांइतकं खाली मला अजून उतरायचं नाही. त्या जातीचा शब्द माझ्या देखत एकाच माणसाने खरा उच्चारला, पावसात उभं राहून, टाळ्यांकडे पाठ करून. आम्हा बाकीच्यांना तो शोभत नाही.

शाल वाळली आहे. इस्त्री करून ठेवीन, नारळ लिटल इंडियातून आणीन. पाटणकरांच्या निवृत्तीत माझ्याकडून काही कमी पडणार नाही.

घागांची बॅट अजून त्या पिशवीतच असते. तिची पकड चांगली आहे म्हणून पाटणकर आता तिच्यानेच खेळतात. आणि इतक्या वर्षांनी एकदाचे शिकलेतही. मागच्या रविवारी चेंडू लागला, आणि लागल्याबरोबर त्यांनी ती चिखलात भिरकावून दिली आणि मोकळ्या हातांनी पळत सुटले. त्यांना टाकवते.